ट्रंकेतलं सामान

आमच्या चर्चमध्ये नोव्हेंबरात हंगामाचा सण असतो. ज्याच्याकडे जे असेल ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. मी मार्केट यार्डात तीस वर्षं तोलणार म्हणून लिलावाचा माल तोलायचं काम केलं, त्यामुळे बोली मला नवी नाही. यंदा मी एक भोपळा नेला आणि मागच्या खुर्चीवर बसलो.

माझी बायको शेफाली जूनमध्ये गेली. जाण्याआधी तिनं एकच मागितलं होतं.

"माझं सगळं गरजूंना वाटा. तिथं मला काही लागणार नाही. आणि अहो, तुम्हीही आता हात मोकळे करायला लागा."

मी हो म्हणालो. पण दफनानंतर तिच्या साड्या, शाल, डबा, सगळं ट्रंकेत घातलं आणि कुलूप लावलं. तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. किल्ली माझ्या पाकिटात असते. घरात मी एकटाच.

आमच्या मंडळीतला सुदर्शन लिलाव करत होता. "हा कोंबडा बघा! पहाटे पाचला उठतो. उपासनेला अर्ध्यातून येणाऱ्यांनी जरूर न्यावा!"

लोक हसले. कोंबडा गेला, नारळ गेले, माझा भोपळा गेला.

मग एक मोरपंखी साडी आली. शेफालीची अशीच होती, पण तसल्या साड्या पुष्कळ असतात, म्हणून मी बोली लावली नाही.

मग शाल आली. कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याचं रफू होतं. शेफालीनं रफू केलं त्या दिवशी घरात दुसरा दोरा नव्हता. मी तीनशेची बोली लावली. दुसरं कुणी बोललंच नाही.

शाल घेऊन मी दाराशी गेलो. तिथं पूर्णिमा सकाळपासून आलेल्या वस्तू वहीत लिहून घेत होती. ती मंडळीत नवीन. शेफालीला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"हे कुणी आणलं गं?"

"एक बाई आल्या होत्या, काका. सगळ्यांच्या आधी. गाठोडं मोठं होतं. मी धरू का म्हटलं, तर म्हणाल्या, आता हलकं होतंय."

"नाव?"

"लिहू नको म्हणाल्या. थांबल्याही नाहीत. घरी काम आहे म्हणाल्या."

मागे सुदर्शननं स्टीलचा डबा वर धरला होता. झाकणावर शेफालीचं माहेरचं नाव कोरलेलं.

आवार झाडणाऱ्या मुक्ताईनं पन्नास म्हटलं. मी शंभर म्हटलं.

"घ्या, काका," मुक्ताई म्हणाली. "सुनेला कामावर न्यायला बरा होता, एवढंच. पिशवीत पोळ्या मोडतात तिच्या."

मी तिच्याकडे पाहिलं.

"माझी बोली सोडली," मी सुदर्शनला म्हणालो. शालही मुक्ताईच्या हातात ठेवली आणि घरी आलो.

दुपारचा एक वाजला होता. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. ट्रंकेचंही.

मी ट्रंक उघडली.

तिचं काहीच नव्हतं.

तळाशी माझा लग्नातला सूट होता. पांढरा शर्ट, टाय, मोजे. आमच्यात गेलेल्या माणसाला शवपेटीत ठेवताना घालतात ते सगळं, घालायच्या क्रमानं.

मी शर्टावर हात ठेवला.

इस्त्री नुकतीच झाली होती. कापड अजून गरम होतं.