झुलालच्या रेडिओतले दोन डायोड

समाधान, तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव आधी. लाइट गेली, प्रॅक्टिस थांबली, म्हणून माझ्या माळ्यावरचे जुने रेडिओ फोडायला निघालात होय? जर्मेनियमचे डायोड पाहिजेत म्हणे, गिटारच्या पेडलसाठी! बसा इथं गच्चीवर. डास चावले तर चावू द्या. एक गोष्ट सांगतो, मग ठरवा. आणि गोष्ट म्हणालो तरी ती खरी आहे, ज्याच्यावर गुदरली त्याच्या तोंडून ऐकलेली.

धुळ्याचा दानिश तुम्हाला माहीत नसेल. मी भुसावळला रेल्वेत टेलिफोनच्या तारा सांभाळायचो, तेव्हा हा शाळेच्या सुट्टीत मामाकडे यायचा आणि माझ्या टेबलाला चिकटून बसायचा. सोल्डरिंग मीच शिकवलं. पुढे तो बँड पार्टीत गिटार वाजवायला लागला. गिटारचा आवाज बदलणारं, पायानं दाबायचं पेडल स्वतःच बनवायचा, पत्र्याच्या डब्यात. त्यात दोन डायोड उलटसुलट लावायचे, ते आवाजाचे शेंडे छाटतात आणि गिटार फाटक्या आवाजात रडते. बाजारातले सिलिकॉनचे डायोड लावले की आवाज करकरीत येतो. जर्मेनियमचा मात्र मऊ, भरदार. कारण ते फार थोड्या व्होल्टेजला उघडतं. जे बारीक असतं, सिलिकॉनपर्यंत पोहोचतसुद्धा नाही, ते जर्मेनियम आत घेतं. एवढं लक्षात ठेवा.

२०२३ सालचा मे महिना. सात तारखेला, रविवारी, दानिश शिंदखेड्याच्या बाजूला एका गावात गेला होता, कुणाचा तरी मिक्सर दुरुस्त करायला. काम झालं. तेवढ्यात शेजारच्या दिपमालाबाई एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आल्या. या दिपमालाबाई अंगणवाडीत मदतनीस. म्हातारी म्हणजे भिकुबाई. दोन्ही डोळे गेलेले, घरात एकटी. नवरा झुलाल जाऊन सहा वर्षं झालेली. त्याचा रेडिओ तिनं लेकरासारखा छातीशी धरला होता.

"भाऊ, माले दखास नही," ती म्हणाली. "यानावरच मनी सकाय, यानावरच मनी रात. कालपासून हाऊ बोलस नही."

रेडिओ हेच तिचं घड्याळ होतं. सकाळच्या बातम्या लागल्या की उठायचं, रात्रीची गाणी संपली की कडी लावायची.

दानिशनं मागचं झाकण उघडलं. सेलच्या स्प्रिंगला गंज चढला होता, बस. कानशीनं घासायचं, दोन मिनिटांचं काम. पण आत त्याला दिसले काचेचे दोन डायोड. जुने, अस्सल जर्मेनियमचे. असे डायोड तो वर्षभर भंगारात शोधत होता.

समोर आंधळी म्हातारी. दिपमालाबाई चहा करायला आपल्या घरात गेलेल्या. त्यानं पक्कड काढली आणि दोन्ही डायोड कापून खिशात टाकले.

"अक्का, पार्ट गया याना," तो म्हणाला. "आठ दिनमा नवा लई येस."

म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हे सांगताना दानिश माझ्यासमोर रडला, पण त्या दिवशी नाही रडला तो. त्या दिवशी चहा पिऊन निघाला, आणि परत जायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं.

भिकुबाईची मात्र दशा झाली. दिवस कधी, रात्र कधी, कळेना. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, सकाळ झाली का? झाली म्हटलं की काठी टेकत डांबरी रस्त्यावर जाऊन बसायची, दानिशची वाट बघत. गावातली टवाळ पोरं दुपारी सांगायची, रात्र झाली आजी, झोप. ती बिचारी झोपायची.

सोळा मे, मंगळवार. असोद्याला हळद होती. शिंदखेड्यापासून शंभरावर किलोमीटर. दानिशचं नवं पेडल त्या रात्री पहिल्यांदा वाजलं, आणि काय वाजलं! पोरं नाचून नाचून घामाघूम झाली. रात्री पावणेदहाला एक गाणं संपलं. दानिशनं तारांवर पंजा ठेवला. सगळं शांत.

आणि स्पीकरमधून खरखर आली.

मग आवाज.

"भाऊ... सकाय व्हयनी का?"

लोक हसले. दानिशही हसला. घरच्या पेडलमध्ये कधीकधी रेडिओचं स्टेशन घुसतं, तुम्हालाही ठाऊक आहे. त्याला वाटलं, असेल कुठलं तरी नाटक. आवाज ओळखीचा होता... पण त्यानं ओळखला नाही. की ओळखायचा नव्हता, देव जाणे.

"भाऊ... सकाय व्हयनी का?"

मंडप बघतोय. टाळ्या पडताहेत. दानिशनं माइक ओढला.

"व्हयनी, अक्का! ऊठ! रस्तावर ये, मी येल शे!"

सकाळ झाली, मी आलोय म्हणे! काय हशा पिकला म्हणता.

स्पीकरमधली खरखर थांबली. एक काठी वाजली... टक. टक. टक. लांब लांब गेली. मग काहीच नाही.

सकाळी सहाला दिपमालाबाईंचा फोन, नंबर मिक्सरवाल्यांकडून घेतलेला. रात्री दहाच्या सुमारास भिकुबाई रस्त्यावर गेली. केळीचा ट्रक होता. ड्रायव्हरला दिसलीच नाही.

"दानिशभाऊ," त्या म्हणाल्या, "रेडिओ आपोआप सुरू झाला होता हो. भिंतीपलीकडून मी ऐकला. कुणीतरी म्हणत होतं... व्हयनी, अक्का... ऊठ..."



तिसऱ्या दिवशी तो तिथं गेला. पेडल फोडून दोन्ही डायोड काढून आणले होते, परत लावायला. कुणासाठी लावणार होता, त्यालाच माहीत! घर रिकामं. कोनाड्यात रेडिओ. बटण चालूवर. त्यानं मागचं झाकण उघडलं. डायोड कापलेली जागा तशीच, मोकळी. मग खालचं, सेलचं झाकण उघडलं...

आत सेल नव्हते.

तो खोलीभर शोधायला लागला. दिपमालाबाई दारात उभ्या होत्या.

"सेल शोधताय का?" त्या म्हणाल्या. "ते मीच काढले होते, आठ दिवसांपूर्वी. रेडिओ बंदच होता ना, म्हणून माझ्या टॉर्चमध्ये टाकले. त्याच टॉर्चनं तर अक्काला रस्त्यावर शोधलं आम्ही."