तीन नंबरची बेल

दवाखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईला सगळे वायरताई म्हणत. त्या दुपारचं काम तसं साधंच होतं. वरच्या वॉर्डात खाटेजवळची बेल दाबली, तरी तळमजल्यावर सिस्टरच्या स्क्रीनवर काही उमटत नव्हतं. साधं, पण घाईचं. पाच वाजता वायरताईच्या आईला त्याच वॉर्डात, चार नंबरच्या खाटेवर हलवणार होते, आणि ऑपरेशननंतर आईला धड कूसही बदलता येत नव्हती.

“अकरा दिवसांपूर्वी तीन नंबरचे गृहस्थ गेले,” सिस्टर हळूच म्हणाली. “बेल मुठीत धरलेली. खाली टेबलावर मीच होते गं. स्क्रीनवर काही आलंच नाही...”

“आज येईल. त्याशिवाय मी खाली उतरत नाही,” वायरताई म्हणाली.

वॉर्ड तेव्हापासून रिकामाच होता. गाद्या गुंडाळलेल्या, खिडक्या बंद, स्पिरिटचा कोंडलेला वास. सगळ्या खाटांच्या बेलचे निरोप खाली धाडणारा डबा भिंतीवर होता; तिने लॅपटॉप थेट त्याला जोडला. डबा लगेच बोलला. सिस्टरच्या कॉम्प्युटरवरून मात्र तो मुका. दोघांचे सबनेट वेगळे, म्हणजे दोन वेगळ्या गल्ल्याच. एकीतून दुसरीत जायचं तर गेटवे लागतो. डब्याच्या सेटिंगमध्ये गेटवेच्या पत्त्याची चौकट कोरी होती. खालची हाक याला पोहोचत होती, पण उत्तर कुठल्या वाटेनं धाडायचं, हे याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढ्याशा कोऱ्या चौकटीपायी माणूस गेला! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गेटवेचा पत्ता भरला.

सिस्टरचा फोन आला. “दिसला गं डबा! पण थांब... तीन नंबरची बेल वाजतेय.”

“जुना साचलेला निरोप असेल,” म्हणत तिने वळून पाहिलं. तीनच्या डोक्यावरचा दिवा लागला होता. बेलचं बटण मात्र वायरीसकट कधीच काढून नेलेलं, भिंतीत नुसतं भोक होतं.

तरी ती तीनपाशी गेली आणि भिंतीवरची, बेल बंद करायची कळ दाबली. दिवा विझला. पुन्हा लागला.

“ऐकू आलं हो...” ती पुटपुटली. तेव्हा कुठे तो विझला.

पाचला आई वर आली. सहा वाजून गेल्यावर, वायरताई खाली सिस्टरपाशी असताना, स्क्रीनवर चार नंबर लाल झाला. दोघी धावल्या, पण जिन्याशी पोहोचायच्या आत तो हिरवा झाला. बेल खाटेपाशी जाऊनच बंद करता येते, आणि ती कळ आईच्या हाताला लागण्यासारखी नव्हती.

आई उशांना टेकून बसली होती. हातात पाण्याचा पेला.

“तुला कुणी बसवलं?”

“या शेजारच्यांनी. फार हळू बोलतात बाई. कितीदा बेल दाबली, कुणी आलंच नाही म्हणाले. आता रस्ता कळलाय म्हणे. खाली टेबलावर कोण बसतं, ते विचारत होते.”

तीनची गादी गुंडाळलेलीच होती. सिस्टरनं वायरताईचा दंड घट्ट धरला. बाहेर, जिन्यावरून कुणीतरी सावकाश खाली उतरत होतं.

वायरताई डब्यापाशी गेली. तीनच्या गृहस्थांना खालचा रस्ता यानेच दाखवला होता. वायर उपटली, तर आईची बेलही मुकी होणार.

“असू दे. रात्रभर मीच बसते आईपाशी,” ती म्हणाली आणि तिने वायर उपटली.

अर्ध्या जिन्यात पावलं थांबली.

मग ती परत वर यायला लागली.