मधलं जहाज

ये गं ट्राउडी, बस इथं स्टोव्हजवळ. कॉफी घे. केक कालचा आहे, चालवून घे. फोटो दाखव, फोटो दाखव म्हणून किती दिवस मागे लागली होतीस, आज दाखवते. फक्त जरा हळू बोल. वर कोर्बिनियान झोपलाय. म्हणजे… पडलाय. तो झोपतो की नाही, ते मला सांगता यायचं नाही.

आपलं फिल्सहोफेन पडलं नदीकाठचं. जन्मभर धक्क्यावर जहाजं लागताना बघितली, पण बसलो कधी? बेकरीवाल्याला कुठली आलीय सुट्टी! आणि मग भट्टी बंद करून सुट्टी मिळाली, तेव्हा आमच्या कोर्बिनियानचं डोकं विसरायला लागलं. आधी किल्ल्या, मग शेजारी. एकदा आपल्याच दारात उभा राहून मला म्हणाला, "बाई, इथं बेकर राहतो का?" मी त्याच्या तोंडावर हसले आणि आत जाऊन रडले.

जहाजाची कल्पना आमच्या लिओनीची. "आई, ज्या गावी उतराल तिथं बाबांना उभं कर, फोटो काढ, संध्याकाळी दाखव. तेवढंच धरून ठेवता येईल." दोघांचे फोनही तिनं जोडून दिले. मी काढलेला फोटो त्याच्या फोनवर जायचा, त्यानं काढलेला माझ्या. हंगामातल्या शेवटच्या फेरीचं तिकीट स्वस्त होतं, नोव्हेंबरातलं. निघालो.

हा बघ, लिन्झचा. जाकिटाची बटणं बघ, खालीवर. मी रोज नीट लावायची आणि हा मेला रोज सोडून परत चुकीची लावायचा. आणि हा मेल्कचा, मठासमोर. संध्याकाळी जेवण झालं की विचारायचा, "बुर्गी, आज कुठं आहोत आपण?" मी फोटो दाखवायची. मग तो माझा हात हातात घ्यायचा. भट्टीपाशी जन्म गेलेला माणूस, हात कसे नेहमी गरम, ताज्या पावासारखे. मला तेवढं पुरे होतं गं. त्याला माझं नाव आठवतंय आणि हात गरम आहे, बास.

ड्युर्नश्टाइनला उतरलो तो मृतांचा दिवस. चर्चमागच्या थडग्यांवर सगळीकडे तांबडे दिवे लागलेले. दुपारी तीनलाच धुकं इतकं उतरलं की चर्चचा निळा मनोरासुद्धा दिसेना. मी म्हटलं, चल म्हाताऱ्या, बूट ओले झाले, जहाजावर जाऊ.

धक्क्यावर आलो तर पुढ्यात दुसरंच जहाज. त्याचं काही वाटलं नाही. धक्क्यावर गर्दी झाली की जहाजं एकाला एक खेटून लावतात. आपलं बाहेरच्या अंगाला सरकवलं असेल तर मधल्या जहाजाच्या लॉबीतून पलीकडे जायचं. रामराम केल्यासारखं हसायचं आणि चालू लागायचं. तिथं बसायचं नाही, हा शिरस्ता.

आत शिरलो. आमच्यासारखीच लॉबी, तसाच गालिचा. फक्त वास वेगळा. पूर ओसरल्यावर तळघराला येतो ना, तो. खुर्च्यांवर माणसं बसलेली, कोटबिट घालून, आणि हूं की चूं नाही. प्रत्येक टेबलावर तांबडा दिवा. मी म्हटलं, काय मेली सजावट, थडग्यावरचे दिवे कुणी कॉफीच्या टेबलावर ठेवतं का?

वळून बघते तर हा बसलेला! पुढ्यात सफरचंदाची पेस्ट्री.

"ऊठ! हे आपलं जहाज नाही."

"अगं, पण हे मला ओळखतात," तो म्हणाला. असा खूश की काय सांगू. "बुर्गी, यांना सगळं आठवतंय."

माझे गुडघे चढणीनं भरून आले होते. मीसुद्धा टेकले गं. क्षणभरच, त्याच्याशेजारी. एका बाईनं माझ्या निळ्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवला… कापड बघावं तसा. मला शिसारी आली. मी उठले, त्याचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच पलीकडच्या दारातून आमच्या जहाजावर आले.

हात गार होता. ओला आणि गार. मी म्हटलं, धुकं.

स्वागताच्या टेबलाशी पिरोश्का होती, हंगेरीची गोड पोरगी. मी तिच्याकडे तक्रार केली, "तुमच्या त्या शेजारच्या जहाजाला काय वास येतो हो!"

"शेजारचं? कोणतं, हाइंड्लबाई? आज आपण थेट धक्क्यालाच लागलोय." तिनं दार उघडून दाखवलं. बाहेर फळी, आणि फळीपुढे काठ.

त्या संध्याकाळी त्यानं "कुठं आहोत आपण" विचारलं नाही. मीच फोटो दाखवायला गेले तर म्हणाला, "कशाला? ड्युर्नश्टाइन. तू लग्नाआधी इथं मावशीबरोबर आली होतीस, पिवळा फ्रॉक होता, जिन्यावरून पडलीस." ट्राउडी, मी त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं. तरी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! मला वाटलं, देवानं ऐकलं. मी त्याला मिठी मारली. त्याच्या मानेलाही तोच तळघराचा वास होता.

दुसऱ्या दिवशी व्हिएन्ना. उजाडल्यावर मी खिडकीचा पडदा सारला, आणि हातभर अंतरावर दुसऱ्या जहाजाची खिडकी. आमच्यासारखीच खोली. तिथला पडदा सरकला.

कोर्बिनियान होता. माझा. जाकिटाची बटणं खालीवर. त्यानं तळवा काचेवर टेकवला. आवाज आला नाही, पण ओठ मला पाठ आहेत… "बुर्गी, कुठं आहोत आपण?"

मी काच बडवली. नावानं ओरडले. माझ्या मागून, न्हाणीच्या दारातून, दाढी करता करता हा म्हणाला, "पडदा लाव, बुर्गी. थंडी येते." आणि ते जहाज धुक्यात मागे मागे सरकत गेलं. इंजिनाचा आवाज नाही की काही नाही.

कुणाला सांगू? घरी परतलो, तर डॉक्टर म्हणाले, चमत्कार आहे. लिओनी बापाच्या गळ्यात पडून रडली. मी काय म्हणायचं, की बाई गं, हा तुझा बाप नाही, कारण याला सगळं आठवतं? परवा त्यानं मला सांगितलं, माझी आई मरताना काय म्हणाली. अगदी शब्दन् शब्द. त्या खोलीत मी एकटी होते, ट्राउडी.

हळू… वर फळी वाजली का? नाही. घे, कॉफी घे.

आता हे बघ. हे फोटो मी काढलेले नाहीत. त्याचा फोन कुठंय म्हणून विचारलं तर हा म्हणतो हरवला. पण त्या फोनवरनं मला फोटो येतात. क्रेम्सचा धक्का, रिकामा. ग्राइन, रिकामा. लिन्झ. नाताळ होऊन गेला, नदीवर एक जहाज नाही, धक्क्यांना साखळ्या लावल्यात. तरी फोटो येतात आणि दर फोटो आधीच्यापेक्षा आपल्या गावाच्या जवळचा, नदीच्या वरच्या अंगाचा. हा पासाउचा, सोमवारी आला. येतोय गं तो. घरी येतोय.

मी ठरवलंय. धुकं पडलं की धक्क्यावर जायचं, जहाज लागलं की आत शिरायचं आणि त्याला धरून आणायचं. आणि नाहीच आणता आलं, तर तिथंच त्याच्याशेजारी बसायचं. एकटा आहे बिचारा. त्याला बटणंसुद्धा लावता येत नाहीत.

पण तुला मी त्यासाठी नाही बोलावलं. हा शेवटचा बघ. आज सकाळी आला.

ओळखलास ना? आपलाच धक्का, फिल्सहोफेनचा. आणि या खेपेला धक्का रिकामा नाही. कोर्बिनियान उभा आहे, मी उभा करायचे तस्सा, डावा खांदा जरा पुढं, हसून. फोन त्याचा आणि फोटोतही तोच. मग काढला कुणी?

जाकीट बघ. मोठं करून बघ. सगळी बटणं नीट लावलेली आहेत. वरपासून खालपर्यंत.

आणि त्याच्या मागे तिकीटघराच्या काचेत, बघ… फोटो काढणारी दिसते. निळा कोट आहे. माझा कोट तर तो काय, तिथं खुंटीवर. मी सकाळपासून घराबाहेर पडलेली नाही. तो तिच्याकडे बघून हसतोय, ट्राउडी. तो फक्त माझ्याकडे बघून असा हसतो.

मी त्या खुर्चीवर क्षणभरच टेकले होते गं. क्षणभरच.

ट्राउडी, माझा हात धर बरं. घट्ट धर… गरम आहे ना? बोल ना गं. हात का काढून घेतलास?