फ्रिजमधल्या हळदीला ऊन कुठून लागलं?

"परत तेच!" पवित्रामावशी हातात बाटली घेऊन आतल्या खोलीतून आली आणि धपकन स्टुलावर बसली. काल गडद पिवळं असलेलं औषध आज पार फिकं पडलं होतं.

बेळगावहून सुट्टीला आलेली कावेरी आणि तिचा धाकटा भाऊ सुरज एकमेकांकडे बघत राहिले. बेंगळुरूत मेट्रो, डोसे आणि नुसती धमाल, असा कावेरीचा बेत होता. प्रत्यक्षात रोज शहराबाहेर देवनहळ्ळीला जाणाऱ्या बसमध्ये डुलक्या काढायच्या, तिथल्या मावशीच्या प्रयोगशाळेत बाहेरच्या खोलीतल्या बाकावर बसून राहायचं आणि संध्याकाळी तसंच रखडत परत! कंटाळ्याचाही कंटाळा आला होता.

"हळद दुधातून प्यायली की झालं ना?" सुरजने जांभई दिली.

"अरे, हळदीतलं औषधी द्रव्य पाण्यात विरघळत नाही. पोटात जातं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं. म्हणून मी त्याचे इतके बारीक कण करते, की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील! वर स्निग्ध पदार्थाचं आवरण. मग शरीर ते जास्त शोषून घेईल, अशी आशा." मावशीचा आवाज खोल गेला. "आमचे प्रमुख सुधींद्र सर म्हणतात, मिश्रणच कच्चं आहे. उद्याही फिकं पडलं, तर माझं काम बंद."

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून कावेरीला भरून आलं. परतीच्या बसमध्ये मात्र तिची झोप एकदम उडाली!

"सुरज! अंजलीताईच्या लग्नात हळदीला तुझा शर्ट माखला होता. आईने डाग कसा घालवला?"

"धुऊन गच्चीवर उन्हात टाकला. डाग गायब!"

"म्हणजे मावशीच्या औषधालाही ऊन लागतंय!"

"फ्रिजमध्ये ऊन? अक्का, झोप तू!"

"अगं, उजेड लागू नये म्हणूनच तर फ्रिजमध्ये ठेवते," मावशी डोळे मिटूनच पुटपुटली.

कावेरी कसली ऐकते! घरी तिने पांढऱ्या कापडाची पट्टी हळदीत बुडवून वाळवली आणि अर्ध्या पट्टीवर काळा कागद चिकटवला. सकाळी ती पट्टी नव्या बाटल्यांच्या ट्रेवर लावायला मावशीला गळ घातली. का, ते विचारण्याइतकंही त्राण मावशीत नव्हतं.

संध्याकाळी सुधींद्र सर आले. ट्रे फ्रिजमधून बाहेर आला. सगळ्या बाटल्या फिक्या!

"सरी... ठीक आहे, पवित्रा," सर थकल्या आवाजात म्हणाले. "थांबवू या आता."

"सर, एक मिनिट!" कावेरीने पट्टीवरचा काळा कागद ओढून काढला. त्याखालचं कापड पिवळंजर्द, उघडं मात्र जवळजवळ पांढरं! "फ्रिजच्या अंधारात असं होईल? कुणीतरी ट्रे उन्हात ठेवतंय!"

मावशीचे सहकारी उपेंद्र सर डोकं खाजवू लागले. "ते... दुपारी माझं कलिंगड गार करायला जागा लागते ना. मग ट्रे खिडकीत. स्वल्पच वेळ हं! जेवण होईपर्यंत."

"जेवण झाल्यावर?" सुरजने विचारलं.

"नंतर जरा डोळा लागतो. उठलो की ट्रे परत फ्रिजमध्ये."

"रोज?"

उपेंद्र सर हळूच दाराकडे सरकू लागले! सुधींद्र सरांनी त्यांना बाहेर नेऊन असं फैलावर घेतलं, की कलिंगडही त्यांच्यामागून गुपचूप बाहेर गेलं.

सर परतले ते हसतच. "शाब्बास पोरांनो! आम्ही मिश्रणात चूक शोधत बसलो आणि तुम्ही हळदीलाच साक्षीला उभं केलंत! पवित्रा, तुझं काम चालू राहणार."

पण मावशी टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपली होती.

"मावशी, ऐक ना!" सुरज धावला. कावेरीने त्याला मागे ओढलं.

"सर, आमचं कौतुक राहू दे. काम चालू राहणार, एवढंच तिला परत सांगाल? उठली की?"

सुधींद्र सरांनी आवाज न करता खुर्ची ओढली आणि ते मावशीशेजारी बसले.

"सांगतो," ते हळूच म्हणाले. "उठेपर्यंत थांबतो मी."