हजीरा रोडवरची खटखट

"दुबई ते सुरत तीन तास, आणि उधना ते दोंडाईचा?" दीपकमामाने बॅगेवर बसल्या बसल्या जांभई दिली. "अजून उधनाच!"

कोणी हसलं नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं! योगिता, तिचा धाकटा भाऊ चेतन, आई कलाबाई आणि मामा सकाळपासून सुरतच्या उधना भागात ट्रॅव्हल्सच्या ऑफिसबाहेर ताटकळत होते. मामाचं विमान उशिरा उतरलं, गावची रेल्वे चुकली आणि ही बस नशिबी आली. पुढे पाच तासांचा रस्ता. दिवेलागणीला गावी मामाच्या लेकीचं बारसं होतं. तो यावा म्हणूनच ते लांबवलं होतं, कारण लेक त्याने अजून फोनवरच पाहिली होती. परवा पुन्हा दुबई! आणि बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या, म्हणजे कलाबाई, तीही इथेच घाम पुसत बसली होती.

"आत्या बी नही, बाप बी नही. आते बारसं कसं व्हई वं माय!" कलाबाई कुरकुरली.

योगिताने मामाचा फोन स्पीकरवर ठेवून बसवाल्या चंचलभाईंना पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

"बेन, बस हजीरा रोड पर ट्राफिकमां छे! दस मिनिट!"

सकाळपासूनची ही कितवी 'दस मिनिट' होती कोण जाणे. योगिता डोळे मिटणार, तोच दचकली.

"चेत्या, फोनमध्ये मागे आवाज कसला होता रे?"

"खटखट, खटखट! लूमचा, कापड विणायच्या मागाचा. आपल्या घराखाली चालतो तसाच."

"हजीरा रोडला लूम कुठले? तिथे तर मोठमोठ्या कंपन्या. लूम इथे, मागच्या गल्लीत आहेत!"

दोघं पाय ओढत गल्लीत शिरले. आणि काय! लूमच्या कारखान्यासमोर बस आरामात उभी होती. ड्रायव्हर सावलीत घोरत होता आणि चंचलभाई बसच्या पोटात कापडाचे गठ्ठे भरून घेत होते.

"हजी एक टेम्पो आववा दो," ते हमालाला सांगत होते. "पेसेंजर क्यां जवाना?" म्हणजे अजून एक टेम्पो यायचा होता, आणि प्रवासी काय, कुठे जाणार होते!

योगिताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने चेतनला खूण केली आणि भिंतीआड राहून फोन लावला. "काका, बस कुठे आहे?"

"हजीरा रोड पर, बेन!"

पोंऽऽऽ! चेतनने ड्रायव्हरच्या सीटवर चढून हॉर्न दाबून धरला होता! तो ऐकून मामा आणि सगळे उतारू गल्लीत धावत आले. बस बघून सगळे एकदम ओरडायला लागले.

"हजीरा रोड फारच जवळ आला हो, काका!" योगिता म्हणाली.

चंचलभाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं. उरलेले गठ्ठे तिथेच राहिले आणि बस निघाली. पोरांची तारीफ करता करता अर्धी बस झोपली. योगिताही झोपली.

ते पोचले तेव्हा गावात दिवे लागले होते. आजी दारातच उभी होती. "उनात का रे बाप्पा!" सगळे आलेले बघून ती म्हणाली.

वाटेतली हकिगत ऐकून तिने दोन्ही नातवंडांच्या गालांवरून हात फिरवले. कलाबाई पाळण्याजवळ गेली, थांबली आणि तिने नाव सांगायला योगिताला पुढे ओढलं. "तुनामुये उनूत आम्ही. आज आत्याना मान तुना!"

योगिताचे डोळे झोपेने जड झाले होते. ती पाळण्यावर वाकली. नाव सांगायच्या आधी ती बाळाच्या कानात म्हणाली, "तुझे बाबा आलेत."

मामाने लेकीला उचललं आणि तो पाळण्याशेजारी भुईवरच बसला. आता कुठेही जायचं नव्हतं, निदान परवापर्यंत.