रॉकेटची काडी

धनत्रयोदशीला शिरूरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत स्वप्नाली फटाक्यांच्या एका स्टॉलपुढं थांबली, आणि स्टॉलवाल्यानं नेमकं नको तेच तिच्यापुढं धरलं.

"रॉकेट घ्या की. सरळ आभाळात जातंय."

"रॉकेट सोडून काहीबी द्या."

"का? भ्या वाटतं?"

"मला न्हाई... गावाला वाटतं."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण हा पडला मल्हार, तळेगाव ढमढेऱ्याचा. एरवी मेथी-टोमॅटो पिकवायचा, दिवाळीपुरता स्टॉल लावायचा आणि बारा महिने नको तिथं नाक खुपसायचा. फुलबाज्या बांधता बांधता त्यानं तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

झालं होतं असं, की लहानपणी एका दिवाळीत बाटली सापडेना, म्हणून स्वप्नालीनं रॉकेट शेणाच्या गोळ्यात रोवलं. शेण निघालं ओलं. वात पेटली, रॉकेट कललं आणि थेट शेजारच्या हरिबाआप्पांच्या कडब्याच्या गंजीत घुसलं. गंजी गेली, नाव राहिलं. तेव्हापासून अख्खं निमोणे तिला 'रॉकेट' म्हणतं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण दोन स्थळं पारावर हे नाव ऐकून पोहे न खाताच माघारी गेली होती. ती हे हसत हसत सांगत होती, पण शेवटी डोळे भरलेच. मल्हारनं ते पाहिलं.

"नंबर देऊन ठेवा," तो हळूच म्हणाला. "एखादी सर्दावलेली निघाली तर... बदलून दीन."

एकही सर्दावलेली निघाली नाही. तरी तिनं पाडव्याला मेसेज टाकला, 'एक वाजली नाही.' आता फुलबाजी कधी वाजते का? पण दोघांपैकी एकानंही ते विचारलं नाही.

मग तिची कंपनी सुटली की शिरूरच्या एसटी स्टँडवर चहा सुरू झाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. एके दिवशी मल्हार मोबाईल पुढं सरकवत म्हणाला, "तुझं नाव शोधलं. रॉकेट म्हंजी काय, ठाव हाय?"

"नको ते नाव."

"आईक तरी. शब्द इटलीतला. मूळ अर्थ... टकळी. लोकर कातायची. आकार तसाच दिसला, म्हणून फटाक्यालाबी तेच नाव."

स्वप्नालीनं मोबाईल हातात घेऊन ते स्वतः वाचलं. घरची मेंढरं कधीच गेली होती, पण तिचे आजोबा, ज्योतिबा आबा, अजून ओट्यावर बसून टकळीवर लोकर कातत.

"म्हंजी घरातलंच हाय की," ती पुटपुटली. या माणसानं आपल्यासाठी एवढं शोधावं, यानंच तिला भरून आलं.

"मग? तरीच तोंडाची टकळी थांबत न्हाई तुझी."

"तुझी तर लई थांबती," ती म्हणाली, आणि निमोण्याची गाडी तिनं मुद्दाम सोडली.

मग स्थळ रीतीनं आलं. मल्हारला वडील नव्हते, मामा म्हणतील ती पूर्वदिशा. मल्हारला सगळं ठाऊक होतं, मामांना काहीच नाही. आणि बैठकीत हरिबाआप्पाच बसलेले.

"नाव काय, बाळा?" मामांनी विचारलं.

तिला नुसतं नाव सांगून सुटता आलं असतं.

"स्वप्नाली. पण गाव रॉकेट म्हणतं. आप्पांची गंजी मीच पेटवली हुती."

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "गंजी तशी जुनीच हुती," आप्पा घाईघाईनं म्हणाले, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

"मल्हार," मामा म्हणाले, "असल्या पोरीला उभं धरायला बाटली लागंल. जमंल का तुला?"

"बाटली खालीच ऱ्हाती, मामा," मल्हार म्हणाला. "मी काडी हुईन. काडी संगं वर जाती."

स्वप्नालीनं मान वर केली आणि सगळ्यांदेखत त्याच्याकडं पाहिलं... खुशाल पाहिलं.

कोपऱ्यात आबांच्या हातातली टकळी थांबली. "काडीबिगर हीबी फिरत न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले आणि पुन्हा कातायला लागले.

मामांनी एकदा आबांकडं पाहिलं, एकदा भाच्याकडं. मग बशी पुन्हा उचलली आणि पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.