राणीची ओ

प्रियदर्शनीची झोप उडवली ती एका शब्दाने. नांदेडहून आणलेल्या रिपोर्टात तो इंग्रजीत छापला होता. डॉक्टरांनी मराठी करून सांगितला, कण्हणे. हिंगोलीला परतताना एसटीत तिने तो कागद इतक्यांदा उघडला, इतक्यांदा मिटला, की घडीवर तो शब्दच फाटायला आला. मांडीवर राणी पेंगत होती. प्रियदर्शनीला राहून राहून वाटत होतं, शब्द चुकलाय. मग वाटायचं, डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं होय? बीएस्सी, तीही सेकंड क्लास.

राणी पाच वर्षांची. दिवाळीपासून ती रात्री झोपेत आवाज काढायची आणि दिवसा बालवाडीत मान टाकायची. डोळ्यांखाली काजळ ओघळल्यासारखं काळं झालं होतं. तिचा बाप शिवशंकर राज्य राखीव पोलीस दलात, गडचिरोलीकडे बंदोबस्ताला. रेंज आली की नवरा, नाही तर नाही. मायलेकींच्या दोन खोल्या दलाच्या कॅम्पच्या पलीकडे, भाड्याच्या, मागे नुसती शेतं. हळद शिजवायचे दिवस होते. अंधार पडला की तो ओला, मातकट, कडवट वास खिडकीतून आत यायचा आणि सकाळपर्यंत गादीत मुरून राहायचा.

नांदेडच्या दवाखान्यात राणीला तपासणीसाठी एक रात्र झोपवलं होतं, डोक्याला वीसेक वायरी चिकटवून. शेजारच्या खाटेवर प्रियदर्शनी रात्रभर टक्क जागी होती. रात्रभर मशीनवर बसलेल्या रणजीतला तिने सकाळी तसं सांगितलंसुद्धा.

"ताई, वर कॅमेरा हाय," तो हसला. "दोन वाजता तर तुमी घोरून राहिल्या होत्या."

मग त्याने तिच्या कानाला हेडफोन लावून दिला. यंत्राची घरघर. राणीचा श्वास. खूप वेळ फक्त श्वास. आणि मग एकदम जवळून,

"ओ..."

"हे बघा," रणजीतने पडद्यावरच्या रेघेतल्या उंचवट्यावर बोट ठेवलं. "कण्हती."

पण तो आवाज शेवटी वर चढला होता. पोरगी भातुकलीत रमलेली असावी, आतून कुणी हाक मारावी आणि तिने मान न वळवता उत्तर द्यावं, तसा. त्यानंतर शांतता. कण्हणारं माणूस पुढचं ऐकायला थांबत नाही. राणी थांबली होती.

"ह्याच्या आधी कुणी... हाक मारली का हिला?"

"आधी काहीच न्हाई, ताई. रेघ सपाट हाय."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. "अर्धी, झोपताना. गाढ झोपेल."

"हाक मारली तर?"

"हाक मारली तरी उठणार नाही," ते समाधानाने म्हणाले.

घरमालकीण सुमनबाई भिंतीपलीकडेच राहायची. तिने रिपोर्ट उलटा धरून बघितला आणि परत दिला.

"कण्हून न्हाई राहिली ती. ओ देऊन राहिली. मला बराबर ऐकू येतं. रातच्याला एका हाकेला ओ द्यायची नसती, तीनदा आली तरच माणूस समजायचं. एवढं शिकीवलं न्हाई व्हय लेकराला?"

"मावशी, झोपेत कोण मोजतं?"

"मग तू मोज. इतकं शिकलीस, कवा कामाला येईन ते?"

शिवशंकरचा फोन लागला तेव्हा त्याचा आवाज तुटत होता. "बीएस्सी झालीस ना तू? गोळी दे तिला, अन् तूबी झोप जरा." मायेनेच म्हणाला तो. त्याचंच तिला जास्त लागलं.

चार रात्री गोळीचं पाकीट फळीवर तसंच राहिलं. ओ देणारी पोर आपणच गाढ झोपवली आणि हाक मारणारं कुणी तिच्या उशाशी येऊन उभं राहिलं तर? असला विचार करणारी बाई संध्याकाळी दहावीच्या पोरांना संयुजा शिकवते, याची तिची तिलाच लाज वाटायची. पाचव्या दिवशी राणी पेंगतच बालवाडीच्या टाकीच्या कट्ट्यावरून पडली. हनुवटीला तीन टाके पडले. त्या रात्री प्रियदर्शनीने गोळी मोडली.

दार लावलं, खिडकी लावली. वास तरी आलाच. ती राणीच्या उशाशी बसून राहिली. शेतातला हळदीच्या कढईखालचा जाळ हळूहळू विझला. कुत्री भुंकता भुंकता मध्येच गप्प झाली, सगळी एकदम. राणीने कूस बदलली. तिचे ओठ हलले... आवाज आला नाही. पुन्हा हलले... नाहीच आला.

प्रियदर्शनीने श्वास सोडला. तिने भिंतीला डोकं टेकवलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिला कशाचीच भीती वाटली नाही. पुढचं तिला आठवत नाही.

सकाळी ती अंगणात तोंड धूत होती, तेव्हा सुमनबाई कुंपणाशी आली.

"पोरगी गप होती रातच्याला. गुण आला म्हणायचा."

"हो ना मावशी."

"पर तू काहून ओ देऊन राहिली व्हतीस? मला वाटलं, शिवशंकर आला. म्हटलं आला गडी, आता आपण कशाला उठायचं."

"मी?"

"मग काय मी? दोनदा ओ दिलीस. तिसऱ्या खेपेला तर ‘आले’ म्हणलीस."

प्रियदर्शनी हसली. हसण्यासारखंच होतं. हे रक्तात असू शकतं, घरात आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं आणि तिने ठासून नाही म्हटलं होतं. म्हणजे आता स्वतःच्याही डोक्याला वायरी. असं मनाशी म्हणत ती आत आली, तरी ओल्या हाताचं पाणी पुसायचं तिला सुचलं नाही.

राणी गादीवर उठून बसली होती. डोळ्यांत कितीतरी दिवसांनी तरतरी होती. प्रियदर्शनी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"राणे... रात्री तुला कोण हाका मारतं गं?"

"मला न्हाई मारत," राणी म्हणाली. हनुवटीच्या पट्टीवरून तिने बोट फिरवलं. "तुला मारतं. तू उठतच न्हाईस, म्हणून मी ओ देते."

मग तिने मोठी जांभई दिली.

"काल मला जागच न्हाई आली."